तिसरा सुटतोय

लहानपणी आमच्या गल्लीत एका चिंचेला सगळे भ्यायचे, आणि मी त्याच चिंचेखाली बसून गाभुळलेल्या चिंचा खायचे. आई म्हणायची, “हिला भूत धरणार नाही, हीच भुताला धरील.” तेव्हा हे कुणा भित्र्या बाईनं लिहिलंय असं समजू नका. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आज आहे असंही मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण एक गोष्ट घडली… भर उन्हाच्या साडेअकराला, चालत्या मोटारीत… आणि ती मला आजवर कुणी उलगडून दाखवलेली नाही. या सदरातले लोकांचे अनुभव मी आवडीनं वाचते. बरेचसे अमावास्येचे असतात. माझ्या अनुभवात अमावास्या नाही, पांढरी साडी नाही. प्लगची वायर आहे.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं रद्दीतले कागद वाचून आणि माणसांची तोंडं बघून शिकले. नात म्हणाली, “अज्जी, बोलतेस तसंच लिही, स्वल्पसुद्धा बदलू नकोस.” सरी म्हटलं, म्हणजे बरं. तसंच लिहिते.

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. आमचं दुकान यशवंतपूरला, धान्याच्या बाजारामागच्या गल्लीत. पुढं पत्र्याची शेड, तिथं मोटारी दुरुस्त व्हायच्या. मागं दोन खोल्या, तिथं आम्ही दोघं. रेल्वे शंटिंग करायला लागली की कपबशा हलायच्या. आमचे हे बेळगावकडचे. माझं माहेर मात्र तीन पिढ्या बेंगळूरातलं, त्यामुळे माझ्या जिभेवर मराठीइतकीच कन्नड. ह्यांची कन्नड बेळगावची, खणखणीत. इथले लोक ऐकून गालात हसायचे. हे म्हणायचे, “हसू देत. इंजिनाला सगळ्या भाषा सारख्याच.”

आणि ते खरं होतं. ह्यांनीही कुठं शिक्षण घेतलेलं नव्हतं. लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे… वैद्य नाडी बघतो तसे. मग डोळे उघडून म्हणायचे, “अमुक बोल्ट ढिला आहे.” आणि तो असायचा! लोक लांबून गाड्या आणायचे. आता नवऱ्याचं कौतुक बायकोनं करू नये. पण कौतुक सांगितल्याशिवाय त्यांची चूक तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगितलं.

आमच्याकडे एका डॉक्टरीणबाईंची गाडी यायची. मालतीबाई. मूळच्या पुण्याच्या, भाऊ इथं सरकारी कारखान्यात इंजिनिअर, त्याच्याकडे म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. बाळंतपणं करायच्या. आठवड्यातून दोनदा देवनहळ्ळीकडच्या खेड्यांत जायच्या. गाडी जुनी विलायती, काळी, चार सिलिंडरची. आणि गाडीचा ड्रायव्हर मुनियप्पा.

मुनियप्पा देवनहळ्ळीचाच, किल्ल्याजवळचा. पन्नाशीचा असेल. मला अक्का म्हणायचा. मी त्याच्या मुलीच्या वयाची, तरी अक्का! गाडी शेडमध्ये लागली की दाराशी येऊन म्हणायचा, “अक्का, स्वल्प मज्जिगे.” म्हणजे थोडं ताक. मी द्यायची. उभ्यानं पिऊन, फुलपात्र विसळून उपडं ठेवून जायचा. जास्त बोलणारा माणूस नव्हता तो. गाडीशी मात्र बोलायचा. चढ आला की ‘हं, हं, ये बाई’ असं आपल्या भाषेत पुटपुटायचा, असं मालतीबाई हसत सांगायच्या.

एका उन्हाळ्यात त्या गाडीला खोड लागली. मध्येच मिसिंग मारायची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चार सिलिंडर म्हणजे चार बैल समजा. पाळीपाळीनं एकेकानं जोर लावायचा. त्यातल्या एकाच्या पाळीला ठिणगी पडली नाही की तो जोर लावत नाही, आणि गाडी धक्के देत लंगडते. लंगडली तर लंगडू दे, दोष सापडतो. पण ही सारखी लंगडत नव्हती! दहा मैल लोण्यासारखी जायची, मग एखाद्या चढावर धक्के, मग परत लोणी. आमच्या शेडमध्ये आली की साळसूद. ह्यांनी प्लग साफ केले, पॉइंट घासले, एकेक वायर काढून आवाज ऐकला. चारी बैल ठणठणीत. असल्या खोडीसारखा वैताग नाही. दुखणाऱ्या पोरानं वैद्याच्या ओट्यावर खेळायला लागावं, तसं.

आणि मग ती वाईट गोष्ट झाली. देवनहळ्ळीत एक बाई अडली होती, मुनियप्पाच्या घरासमोरचीच. सकाळी निरोप आला, मालतीबाई लगेच निघाल्या. यलहंका सोडल्यावर एक लांब चढ आहे, तिथं गाडीनं लंगडायला सुरुवात केली. मुनियप्पानं गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि एकेक वायर ओढायची, गाडी थोडी वर चढवून बघायची, परत वायर लावायची, असं करत बसला. मालतीबाई मागून ओरडताहेत, “अरे चल, कशीतरी चल!” पोचायला तासाभराचा उशीर झाला. बाई वाचली. बाळ नाही वाचलं.

दुसऱ्या दिवशी दोघं आमच्या शेडमध्ये. मालतीबाईंचा चेहरा दगडासारखा. ह्यांनी मुनियप्पाला विचारलं, “काय होतं नक्की?”

मुनियप्पा म्हणाला, “मूरनेदु बिड्तदे, मेस्त्री. चढावर.”

मूरनेदु म्हणजे तिसरा. बिड्तदे म्हणजे सोडतो, सुटतो. तिसरा सुटतोय. आता आमच्या मराठी गॅरेजात कुणी म्हटलं ‘तिसरा सुटतोय’, तर त्याचा अर्थ एकच. तिसरा गिअर निसटतोय. सिलिंडरला आम्ही कधी सुटला म्हणत नाही, मिस मारतो म्हणतो. ह्यांनी कन्नड ऐकली, पण मराठीत ऐकली. मुनियप्पानं बोट बॉनेटकडे केलं होतं म्हणे. ह्यांनी बोटाकडे बघितलं नाही. गाडीत बसले, तिसरा गिअर टाकून बाजारापर्यंत जाऊन आले. गिअर कसला सुटतोय! घट्ट.

मी तेव्हा ताक घेऊन बाहेर आले होते. मूरनेदु वगैरे मी ऐकलं नाही, ते मला फार नंतर कळलं. मी ऐकलं ते पुढचं. हे मालतीबाईंना मराठीत सांगत होते, “बाई, गाडीत दोष नाही. दोष चालवणाऱ्याच्या पायात आहे. क्लच नीट धरत नाही आणि गिअरवर ढकलतो. खरं सांगायचं तर ह्याला इंजिनातलं कळत नाही.”

मालतीबाई म्हणाल्या, “म्हणजे काल तो नुसता वायरींशी खेळत बसला होता?”

हे म्हणाले, “तसंच म्हणायचं.”

मुनियप्पा मध्ये उभा. ह्यांच्या तोंडाकडे बघतोय, बाईंच्या तोंडाकडे बघतोय. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. आपल्याबद्दलच आहे एवढं कळत होतं. मी त्याच्या हातात ताक दिलं, तेव्हा त्यानं हळूच मला विचारलं, “अक्का, एन् हेळ्तावरे?” काय म्हणताहेत?

मी म्हटलं, “एनिल्ल, अण्णा.” काही नाही.

नवऱ्याच्या शब्दात बायकोनं पडू नये, असं शिकवलेलं होतं. शिवाय वाटलं, आपल्या तोंडानं कशाला वाईट सांगा. तो ताक न पिता फुलपात्र पायरीवर ठेवून गेला. त्याच आठवड्यात मालतीबाईंनी त्याला कामावरून काढलं.

पाच-सहा महिने गेले. मालतीबाई स्वतः गाडी शिकल्या. त्या काळी बाई गाडी चालवते म्हणजे रस्त्यातली पोरं मागं धावायची! आणि एक दिवस त्या शेडमध्ये गाडी लावून उतरल्या, किल्ली ह्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “शंकरराव, परवा चढावर मीही लंगडले. आता माझ्याही पायात दोष आहे का?”

ह्यांनी खाली बघत किल्ली खिळ्याला अडकवली. कान मात्र लाल झाले.

“ज्या दिवशी कुणी अडलेली असेल आणि ही परत रुसेल, त्या दिवशी मी कुणाला काढू?” एवढं बोलून त्या टांग्यानं निघून गेल्या.

दोन दिवस हे गाडीभोवती फिरले. शेडमध्ये सगळं ठीक. शेवटी म्हणाले, “ही रिकामी असली की नाही करत. वजन असलं आणि चढ असला की करते. उद्या हिला लादून तिकडंच नेतो.” बाजारातून दोन पोती बटाटे आणले, मागच्या सीटवर घातले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “चल.”

“मी कशाला?”

“दोन पोती झाली. तिसरं तू.”

मी म्हटलं, “बेळगावची माणसं! लोणी लावून बोलतात.” पण गेले. मोटारीत बसायला कुणाला नको असतं?

हेब्बाळचं तळं गेलं, यलहंका गेलं. ऊन लख्ख, काचा खाली. पुढं हे एकटे, मागं बटाट्यांशेजारी मी. तो चढ आला. गाडी निम्मी वर गेली असेल, आणि धक्के सुरू झाले. धग्… धग-धग. धग्… धग-धग.

आणि कुणीतरी मोजायला लागलं.

पुरुषाचा आवाज. खालचा, सावकाश, पोराला पाढे शिकवावेत तसा. “ओंदु… नाल्कु, एरडु. ओंदु… नाल्कु, एरडु.” म्हणजे एक… चार, दोन. एक… चार, दोन. पहिल्या आकड्यानंतर एक मोकळी जागा, जिना उतरताना पायरी नसावी तशी.

मला वाटलं, हेच मोजताहेत. मला हसू आलं. मी म्हटलं, “अहो, कन्नडमध्ये मोजायचं तर नीट तरी मोजा. चार आधी आणि दोन नंतर? आणि मूरु कुठं गेलं? तीन खाल्लात की काय?”

हे मागं न बघता म्हणाले, “काय बडबडतेस? मी कुठं मोजतोय?”

“मग कोण मोजतंय?”

तेवढ्यात चढ संपला, धक्के थांबले, मोजणंही थांबलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं. हे म्हणाले, “ऊन लागलं तुला.” पण धक्के त्यांनीही अनुभवले होते. गाडी फिरवून खाली आणली आणि परत चढाला घातली. या वेळी मी साडीचा पदर तोंडाशी धरून, श्वास रोखून बसले. धक्का बसला… आणि लगेच, “ओंदु… नाल्कु, एरडु.” पुढच्या सीटच्या पाठीमागून, माझ्यापासून हातभर अंतरावर. तुम्ही म्हणाल, भीती वाटली असेल. नाही वाटली. ते मला अजून चमत्कारिक वाटतं. तो आवाज घाबरवायला आलेलाच नव्हता. तो काहीतरी समजावत होता, आणि मला ते समजत नव्हतं, एवढीच अडचण.

मी त्या आवाजाबरोबर मोठ्यानं म्हणायला लागले. “एक… चार, दोन. एक… चार, दोन.”

ह्यांनी कच्चकन ब्रेक मारला. बटाट्याचं पोतं माझ्या मांडीवर आलं. हे वळून माझ्याकडे बघत होते. चेहरा पांढरा.

“परत म्हण.”

म्हटलं.

“हे तुला कुणी शिकवलं?”

“कुणी म्हणजे? तो मोजतोय तसं…”

हे म्हणाले, “अगं, चार सिलिंडर असे ओळीनं पेटत नाहीत. आधी पहिला, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा. एक-तीन-चार-दोन. ह्या गाडीचा तोच क्रम आहे.” आणि थांबून, “तू तीन गाळलास.”

मी शपथेवर सांगते, हा क्रम मला तोवर ठाऊक नव्हता. मी शेडमध्ये ताक द्यायला जाणारी बाई. माझ्या लेखी ते मोजणं चुकलेलं होतं.

हे गाडी तशीच माघारी घेऊन आले. शेडचं दार लावलं, फटींना पोती लावली. दुपार बाहेर, आत काळोख. वायरीतून ठिणगी बाहेर फुटत असेल तर ती अंधारात दिसते. हे त्यांनी आधीही केलं होतं, पण नुसतं इंजिन चालू ठेवून. या वेळी चाकांपुढे ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली आणि क्लच अर्धा सोडून इंजिनाला जागच्या जागी जोर लावायला लावला. चढावर लागतो तसा. मला म्हणाले, “पदर खोच, बाजूला उभी राहा, आणि तिसऱ्या वायरीवरची नजर काढू नकोस.”

इंजिन कण्हायला लागलं. आणि मला दिसली. शिवणाच्या दोऱ्याएवढी निळी ठिणगी. टिक… टिक… तिसऱ्या वायरीच्या पोटाखालून, सगळ्या वायरी धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीवर उडत होती. म्हणजे तिसऱ्या बैलाचा घास मध्येच पट्टी खात होती! वायर वरून नवी कोरी. पट्टीखाली, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं नखाएवढी भेग. रिकाम्या गाडीत काही नाही. जोर लागला, इंजिन जरा कललं, की ठिणगी तिथून पळायची.

हे दार उघडून उंबऱ्यावर बसले, वायर हातात. बराच वेळ ती वाकवून भेग उघडत होते, मिटवत होते. मी ताक आणून दिलं, तर हात पुढं केला नाही. मग म्हणाले, “मूरनेदु बिड्तदे… तो असं म्हणाला होता. तिसरा सुटतोय. मी गिअर बघितला.” पुढं म्हणाले, “रस्त्यात एकेक वायर ओढून बघत होता. लंगडत्या गाडीची जी वायर काढली तरी काहीच फरक पडत नाही, तिचाच सिलिंडर मेलेला. हेच करायचं असतं. मी शेडमध्ये केलं, त्यानं चढावर केलं. त्याला सापडलं होतं गं.”

तेव्हा मला मूरनेदु कळलं. आणि माझं ‘एनिल्ल’ आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालतीबाई, हे आणि मी, तिघं देवनहळ्ळीला निघालो. चढ आला, गेला. गाडीनं हूं का चूं केलं नाही. आवाजही नाही. मी कान लावून बसले होते.

किल्ल्याच्या भिंतीजवळ मुनियप्पाचं घर. त्याची बायको होन्नम्मा दारातच नाचणी पाखडत होती. गाडी बघून उठलीसुद्धा नाही.

“इथवर आली का गाडी?” सूप झटकत म्हणाली. “मग चांगला ड्रायव्हर मिळाला म्हणायचा.”

मालतीबाईंनी विचारलं, “मुनियप्पा कुठं आहे?”

“कुठं असणार? ठेवलाय तसा आहे.”

आत मुनियप्पा चटईवर होता. उजवं अंग गेलेलं, तोंड वाकडं. दोन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून शब्द नाही, असं होन्नम्मानं सांगितलं. कामावरून काढल्यावर गावात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. समोरच्या घरचं बाळ यानं रस्त्यात वायरींशी खेळून घालवलं, असं सगळे म्हणायचे. “बोलून काही उपयोग नाही म्हणून देवानं बोलणंच काढून घेतलं,” ती म्हणाली.

मालतीबाई खाली बसल्या, त्याची नाडी धरली. होन्नम्माला विचारलं, “एक शब्दही नाही?”

“नाही.” मग ती जरा अडखळली. “काल तेवढं… काल काहीतरी झालं. अकराची बस येऊन गेली होती, मी मुद्दे, नाचणीचे गोळे, घाटत होते. हे एकाएकी मोजायला लागले. आवाज अगदी पहिल्यासारखा. ओंदु… नाल्कु, एरडु. पुन्हापुन्हा तेच. मी म्हटलं, अहो, मूरु राहिलं की! मूरु बिट्बिट्रल्ला! तर ऐकेनात. मग थांबले. थोड्या वेळानं परत तेच. मग गप्प झाले ते झालेच.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. दोनदा. आम्ही चढ दोनदा चढलो होतो. तिथून देवनहळ्ळी कित्येक मैल.

हे दाराशी उभे होते, चप्पल हातात. मग पुढं आले आणि मुनियप्पाच्या चटईजवळ उकिडवे बसले. बेळगावची कन्नड होती, मोडकी झालेली. “मुनियप्पा. मूरनेदु. तुझंच बरोबर. नंदे तप्पु.” चूक माझीच. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग मी बोलले. त्या दिवशी शेडमध्ये मराठीत जे जे बोललं गेलं होतं, पायातला दोष, इंजिनातलं कळत नाही, वायरींशी खेळत बसला, शब्द न शब्द त्याला कन्नडमध्ये सांगितला. मालतीबाई मान खाली घालून ऐकत होत्या. म्हटलं, “अण्णा, तुम्ही मला विचारलं होतंत काय म्हणताहेत. मी एनिल्ल म्हटलं. म्हणत होते ते हे असं.”

त्याचे डोळे माझ्यावर होते. ह्यांनी ती भेग पडलेली वायर त्याच्या डाव्या हातात दिली. त्यानं ती बघितली नाही. अंगठा वायरीवरून सरकवत नेला, वरच्या बाजूनं नाही, पोटाकडून, आणि बरोबर भेगेवर थांबवला. नखानं ती उघडली.

आणि म्हणाला, “मूरु.”

एवढंच. तोच आवाज. काल माझ्यापासून हातभर अंतरावर होता तो. होन्नम्मा सूप तिथंच टाकून भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

मालतीबाई उठल्या आणि बाहेर गेल्या. गल्लीच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी मोठ्यानं, सगळ्या दारांना ऐकू जाईल असं, कन्नडमध्ये सांगितलं की उशीर गाडीच्या दोषानं झाला, मुनियप्पाला दोष सापडला होता, आपण त्याचं ऐकलं नाही. शिकलेली, मानाची बाई, भर गल्लीत. समोरच्या घराच्या दारात एक म्हातारी उभी होती, त्या बाळाची आजी. ती आत गेली. मला वाटलं, दार लावून घेतेय. पण ती तांब्या घेऊन आली, आमच्याकडे न बघता मुनियप्पाच्या उशाशी ठेवला, त्याच्या कपाळावरून एकदा हात फिरवला आणि गेली. तांब्यात ताक होतं.

मालतीबाई पुढं दर आठवड्याला त्याला बघायला जायच्या. तो हळूहळू काठी धरून चालायला लागला. थोडं बोलायलाही लागला. आम्ही गेलो की मी त्याला एकदा तरी विचारायचं ठरवायची, अण्णा, त्या दिवशी तुम्ही काय मोजत होता? एकदा विचारलंच. तो म्हणाला, “काय ठाऊक, अक्का. झोपेत चढ दिसत होता.” आणि ताक मागितलं.

हे त्या दिवसापासून बदलले. पुढं जन्मभर, कुणी गाडी घेऊन आलं की आधी त्याला म्हणायचे, “तोंडानं सांगू नका, बोटानं दाखवा.” आणि बोटाकडे बघायचे.

आता मी नातीकडे कोरमंगलाला असते. तिला ही गोष्ट सांगितली तर म्हणते, “अज्जी, तुझ्या कानानं इंजिनाचा ठेका पकडला आणि मनानं त्यावर आकडे बसवले. आजोबा कधीतरी तो क्रम पुटपुटले असतील.” मुलगी हुशार आहे. मीही असाच विचार करून बघितला. पण हे एकदा म्हणाले होते ते तिला मी सांगते. “चार ठोक्यांतला एक गळाला, एवढं कान सांगतो. पण गळालेला तिसराच, हे कुठलाच कान सांगू शकत नाही. पहिल्या ठोक्यावर पहिला असं लिहिलेलं थोडंच असतं?” चाळीस वर्षं इंजिनं ऐकलेल्या माणसाचं हे बोलणं. आणि होन्नम्मानं ऐकलं त्याचं काय, असं नातीला विचारलं की म्हणते, योगायोग. असेल बाई.

मला त्याचा अर्थ लागलेला नाही, लागेल असंही वाटत नाही. फक्त एक प्रश्न कधीकधी दुपारची पडले की मनात येतो. चालवत होते हे. चूक ह्यांची होती, समजायला हवं होतं ते ह्यांना. त्यांच्या कानात तर एक आकडासुद्धा पडला नाही. मग तो आवाज माझ्याकडेच का आला? मग आठवतं, त्या दिवशी शेडमध्ये त्यानं विचारलं होतं ते मलाच.